फाईलबाहेरचा साक्षीदार

गोव्यातल्या अमली पदार्थांच्या कुठल्याही खटल्यात पंच, म्हणजे छाप्याला साक्षी म्हणून पोलिसांनी सोबत नेलेला नागरिक, साक्षीला उभा राहिला की बचावाचा वकील एक प्रश्न हमखास विचारतो : यापूर्वी पोलिसांसाठी किती वेळा पंच म्हणून गेला होतात? उत्तरही बहुधा ठरलेलं असतं. ‘म्हाका याद ना.’ न्यायाधीश ते इंग्रजीत सांगतात, ‘आय डू नॉट रिमेंबर’ असं टंकलं जातं आणि वकील पुढच्या प्रश्नाकडे वळतो. वळावंच लागतं, कारण त्याच्या हातात कागद नसतो. हा माणूस याच पथकाबरोबर याआधी दोन छाप्यांना गेला की बावीस, हे शोधून काढणं त्या खोलीत एकाच पक्षाला शक्य असतं : सरकार पक्षाला. पण सरकारी वकिलालाही ते सहसा माहीत नसतं, कारण त्याने पोलिसांना विचारलेलं नसतं. आणि त्याने विचारलं नाही, कारण विचारायला हवं असं त्याला कुणी सांगितलेलं नाही.

माझा मुद्दा एवढाच आहे. साक्षीदाराच्या विश्वासार्हतेला धक्का देणारी जी माहिती सरकारच्या कुठल्याही कपाटात आहे, ती शोधून, आरोपीने मागितली नाही तरी त्याच्या हाती देणं हे सरकारी वकिलाचं कर्तव्य असायला हवं. सर्वोच्च न्यायालयाने गेल्या काही वर्षांत या दिशेने बराच रस्ता मोकळा केला आहे. पण तो रस्ता तपासाच्या फाईलपाशी येऊन थांबतो, आणि साक्षीदाराला उघडं पाडणारी माहिती बहुतेक वेळा त्या फाईलच्या बाहेर असते. पुढचं पाऊल गोव्याने टाकावं आणि त्याची सुरुवात अमली पदार्थांच्या खटल्यांपासून करावी.

तिथूनच का? कारण या खटल्यांत विश्वासार्हता हा बाजूचा मुद्दा नसतो, तोच खटला असतो. खुनात प्रेत असतं, चोरीत ज्याचं गेलं तो फिर्यादी असतो. हणजूणच्या किनाऱ्यावर रात्री एखाद्याच्या खिशातून पुडी निघाली, तर त्या घटनेला साक्षी कोण? छापा घालणारे पोलीस आणि त्यांनी सोबत आणलेले दोन पंच. रासायनिक विश्लेषकाचा अहवाल पुडीत काय होतं ते सांगतो, पुडी कुणाच्या खिशात होती ते सांगत नाही. आणि अमली पदार्थांविरुद्धचा एनडीपीएस कायदा तर असा की 10 ग्रॅम एमडीएमए, 0.1 ग्रॅम एलएसडी किंवा एक किलो चरस एवढ्यावर ‘व्यावसायिक प्रमाण’ सुरू होतं, म्हणजे किमान दहा वर्षं सक्तमजुरी. कलम 37 मुळे जामीन जवळजवळ अशक्य. त्यावर कलम 35 आणि 54 यांची गृहीतकं : ताबा सिद्ध झाला की बाकीचं उलट सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर. हा सगळा डोलारा ‘याच्याकडे सापडलं’ या एका वाक्यावर उभा असतो. ते वाक्य उच्चारणाऱ्या माणसांबद्दल सरकारला जे माहीत आहे ते आरोपीपासून लपलेलं असेल, तर उलटतपासणी हा नुसता उपचार उरतो.

कायदा काय म्हणतो ते आधी बघू. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 207 प्रमाणे आणि आता 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 230 प्रमाणे आरोपीला आरोपपत्राच्या, जबाबांच्या आणि कागदपत्रांच्या प्रती मिळतात. नव्या कायद्याने त्याला चौदा दिवसांची मुदत घातली आणि वकील दिलेल्या पीडितालाही प्रती देण्याची सोय केली, हे चांगलं झालं. पण प्रती कशाच्या? सरकार पक्ष ज्यावर विसंबणार आहे त्याच्या. काय विसंबायचं आणि काय बाजूला ठेवायचं हे ठरवतो तपास अधिकारी. पहिल्या जबाबात साक्षीदाराने ‘अंधार होता, चेहरा दिसला नाही’ म्हटलं आणि आठ दिवसांनी पुरवणी जबाबात ओळख पटवली, तर दुसरा जबाब आरोपपत्राला लागतो. पहिला कुठे जातो ते त्या ठाण्यातल्या माणसांना माहीत.

ही पळवाट सर्वोच्च न्यायालयाच्या लक्षात आली होती. फौजदारी खटल्यांतल्या उणिवांबद्दल न्यायालयाने स्वतःहून हाती घेतलेल्या प्रकरणात एप्रिल 2021 मध्ये नमुना नियम मंजूर झाले. त्यात एक साधी सूचना होती : तपास अधिकारी ज्यांच्यावर विसंबत नाही अशा जबाबांची, कागदपत्रांची आणि वस्तूंची यादीही आरोपीला द्या. पुढच्याच वर्षी, मे 2022 मध्ये, मनोज विरुद्ध मध्य प्रदेश या फाशीच्या अपिलात न्यायालयाने सांगितलं की सरकारी वकिलांनी हे सर्व फौजदारी खटल्यांत नियम म्हणून पाळावं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पोन्नुसामी प्रकरणात बहुमताने म्हटलं की एखाद्या राज्याने नमुना नियम अजून स्वीकारले नाहीत म्हणून तिथल्या आरोपीचा हक्क कमी होऊ शकत नाही, नाहीतर एका राज्यातला आरोपी दुसऱ्या राज्यातल्या आरोपीपेक्षा दुबळा ठरेल. मे 2025 मध्ये सरला गुप्ता प्रकरणात हीच यादी ईडीच्या आरोपींनाही मिळाली पाहिजे, असं ठरलं.

म्हणजे ‘आमच्याकडे तशी पद्धत नाही’ हे उत्तर आता कायद्यात बसत नाही. तरीही ते कोर्टाच्या व्हरांड्यात सर्रास ऐकू येतं, तो भाग वेगळा.

आता उरलेली फट. यादी कशाची, तर या खटल्याच्या तपासात गोळा झालेल्या गोष्टींची. पंच गेल्या पाच वर्षांत किती छाप्यांना गेला हे या तपासात गोळा होत नाही. साक्षीदारावर दुसऱ्या ठाण्यात फसवणुकीचा गुन्हा आहे, तो गुन्हा या आरोपपत्राच्या आसपासच थंड पडला, हेही नाही. छापा घालणाऱ्या हवालदारावर मुद्देमालातल्या घोळाबद्दल खातेनिहाय चौकशी झाली, हे तर पोलीस खात्याच्या आस्थापना शाखेत बंद असतं. विश्वासार्हता मोडते ती अशा गोष्टींनी, आणि यादीच्या नियमाचा हात तिथपर्यंत पोहोचत नाही.

आरोपीने स्वतः शोधावं म्हणाल, तर त्याची दारं एकेक करून बंद आहेत. केस डायरी, म्हणजे पोलिसांची तपासाची रोजनिशी, आरोपीला बघता येत नाही, फक्त पोलीस अधिकाऱ्याने साक्ष देताना ती चाळून आठवण ताजी केली तर थोडी फट उघडते. न्यायालयामार्फत कागद मागवण्याची तरतूद आहे, जुनं कलम 91, नवं 94. पण अर्जात लिहायचं काय? जे अस्तित्वात आहे हेच माहीत नाही त्याचा जावक क्रमांक कुठून आणायचा? माहितीच्या अधिकारात खातेनिहाय चौकशीची कागदपत्रं मागितली, तर 2012 चा गिरीश देशपांडे निकाल समोर येतो. सरकारी नोकराला दिलेले मेमो, कारणे दाखवा नोटिसा, शिक्षा ही त्याची वैयक्तिक माहिती आहे, व्यापक जनहित दाखवल्याशिवाय ती देता येणार नाही, असं तो निकाल म्हणतो. आणि हे सगळं करायचं कुणी? विधी सेवा प्राधिकरणाने दिलेल्या वकिलाने, ज्याचा अशील कोलवाळच्या तुरुंगात आहे, कदाचित परदेशी आहे आणि त्याला इथली कुठलीच भाषा येत नाही.

अमेरिकेत हा प्रश्न अर्ध्या शतकापूर्वी निकाली निघाला, निदान कागदावर. 1963 च्या ब्रेडी निकालाने आरोपीला अनुकूल पुरावा दडवणं घटनाबाह्य ठरवलं. 1972 च्या गिग्लिओ निकालाने तेच तत्त्व साक्षीदाराच्या विश्वासार्हतेला लावलं, आणि त्या प्रकरणाची हकीकत आपल्या कामाची आहे. बँकेतल्या बनावट मनिऑर्डरींचा खटला. सरकारचा सगळा भार एका साक्षीदारावर, जो स्वतः त्या कटात सामील होता. एका सरकारी वकिलाने त्याला सांगितलं होतं की ग्रँड ज्युरीसमोर (खटला भरायचा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळासमोर) साक्ष दे, तुझ्यावर खटला होणार नाही. प्रत्यक्ष खटला चालवला दुसऱ्या सरकारी वकिलाने, ज्याला हे आश्वासन ठाऊकच नव्हतं. साक्षीदाराने शपथेवर सांगितलं, मला कुठलंही आश्वासन नाही. वकिलाने ज्युरीला तेच ठासून सांगितलं. न्यायालयाने एकमताने शिक्षा रद्द केली आणि सांगितलं की आश्वासन एका वकिलाने दिलं म्हणजे ते सरकारने दिलं. खटला चालवणाऱ्याला वैयक्तिक माहिती नव्हती ही सबब नाही. 1995 च्या काइल्स निकालाने आणखी एक पायरी चढवली : पोलिसांना जे माहीत आहे ते शोधून काढणं ही सरकारी वकिलाचीच जबाबदारी.

आपल्याकडे मात्र अज्ञान ही सबब आहे, आणि भक्कम आहे. इथे तपास पोलिसांचा, खटला सरकारी वकिलाचा, मध्ये भिंत. ती भिंत चांगल्या हेतूने बांधली गेली. तपास अधिकाऱ्याने आरोपपत्र कसं करावं यासाठी सरकारी वकिलाचं मत घ्यायला त्याला भाग पाडता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने आर. सरला प्रकरणात 2000 साली ठरवलं, आणि ते योग्यच आहे. अभियोग पोलिसांपासून स्वतंत्र राहिला पाहिजे. पण स्वतंत्र राहण्याचा अर्थ अनभिज्ञ राहणं असा लावला गेला. शिवकुमार विरुद्ध हुकमचंद या 1999 च्या निकालात न्यायालयाने सांगितलं होतं की काहीही करून आरोपीला शिक्षा व्हावी अशी तहान सरकारी वकिलाला असता कामा नये, आरोपीच्या बाजूचं काही असेल तर ते त्याने न्यायालयापुढे आणलं पाहिजे. वचन म्हणून हे सुंदर आहे. पण जो काही विचारतच नाही त्याच्याजवळ आरोपीच्या बाजूचं काही येणार कुठून?

कुणी म्हणेल, हे अमेरिकन तत्त्व आपल्या मातीत कशाला? तर ते आपल्या मातीत आहेच. माफीचा साक्षीदार घ्या. कटात सामील असलेल्याला माफी देऊन त्याच्याकडून साक्ष घ्यायची, तर दंडाधिकाऱ्याने माफीची कारणं लेखी नोंदवली पाहिजेत, आणि आरोपीने अर्ज केला की त्या नोंदीची प्रत त्याला विनामूल्य मिळाली पाहिजे, असं आपला कायदा म्हणतो. जुनं कलम 306, नवं 343. साक्षीदाराला काय मिळालं हे ज्याच्याविरुद्ध तो बोलणार त्याला कळलं पाहिजे, हे तत्त्व यात आधीच मान्य झालं आहे. मग अडचण कुठे? ज्याला आरोपी केलंच नाही त्याच्या बाबतीत. पार्टीत पाच जण सापडले, त्यातला एक आरोपपत्रात ‘साक्षीदार क्रमांक तीन’ म्हणून अवतरतो. त्याला माफी नाही, म्हणून नोंद नाही, म्हणून प्रत नाही. माफी मिळालेल्यापेक्षा ज्याला माफीची गरजच पडू दिली नाही त्याला मोठा लाभ झाला, आणि नेमका तोच कागदावर कुठे दिसत नाही.

पंचांबद्दल तर आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या अहवालांत एक अस्सल देशी प्रकरण पडून आहे. दिल्लीचा प्रेमचंद पाणीवाला. पोलिसांनी त्याला हाताशी धरून इतक्या खटल्यांत साक्षीदार केलं की त्याच्याच म्हणण्यानुसार तो आकडा तीन हजारांच्या घरात गेला होता. एके दिवशी त्याने नकार दिला, तेव्हा पोलिसांनी त्याच्याविरुद्ध तडीपारीची कारवाई सुरू केली. न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी ती रद्द करताना या पाळीव साक्षीदारांच्या प्रथेवर आसूड ओढला. 1981 च्या अहवालांत तो निकाल छापलेला आहे. तीन हजारांतला अतिशयोक्तीचा भाग सोडून द्या, शंभरच धरा. त्या शंभर खटल्यांत उलटतपासणी घेणाऱ्या वकिलांपैकी किती जणांना बाकीच्या नव्याण्णवांची माहिती असेल?

छाप्यासाठी पंच त्या भागातले दोन किंवा अधिक स्वतंत्र आणि प्रतिष्ठित रहिवासी असावेत, असं कायदा सांगतो. रात्री साडेअकराला वागातोरला असे रहिवासी कुठून आणायचे, हा पोलिसांचा प्रश्नही खरा आहे. शेजारी येत नाही. टॅक्सीवाला म्हणतो, माझं गिऱ्हाईक जाईल. शॅकवाला म्हणतो, उद्या मला इथेच धंदा करायचा आहे. मग पथक निघतानाच जीपमध्ये पंच बसवून निघतं. याआधी पोलिसांसाठी पंच झाला एवढ्यानेच कुणाची साक्ष टाकाऊ ठरत नाही, असं न्यायालयं म्हणत आली आहेत. मला ते मान्य आहे. एखादा माणूस दहा वेळा खरं सांगू शकतो. पण दहा वेळा गेला की एकदा, हे वजन करणाऱ्याला माहीत तर हवं. वजन न्यायाधीशाने करायचं आहे, आणि तराजूत काय घालायचं नाही ते पोलीस ठरवतात, ही गडबड आहे.

नव्या संहितेच्या कलम 105 ने झडतीचं चित्रीकरण सक्तीचं केलं आहे. त्याने बराच फरक पडेल अशी आशा ठेवायला हरकत नाही. पण कॅमेरा चालू होण्याआधीचं चित्रीकरणात येत नाही. शिवाय तो कोण चालू करतो, कधी करतो, हे पुन्हा त्याच पथकाच्या शब्दावर.

गोव्याला हे सगळं हवेतलं वाटू नये. 2010 साली अमली पदार्थ विरोधी विभागातल्याच एका निरीक्षकाला आणि काही पोलिसांना अमली पदार्थ विक्रेत्यांशी संगनमताच्या आरोपावरून अटक झाली, प्रकरण पुढे सीबीआयकडे गेलं, विधानसभेची सभागृह समिती नेमली गेली. त्या आरोपांचं पुढे काय झालं हा इथे माझा विषय नाही, आणि अटक म्हणजे दोष नव्हे. माझा विषय हा की छापे घालणारा, पंचनामे करणारा, मुद्देमाल सांभाळणारा विभाग तोच होता, आणि त्याच्या शब्दावर चालणारे खटले न्यायालयांत होते. त्या वेळी बचावाच्या वकिलांना ही गोष्ट कळली, कारण ती रोज पहिल्या पानावर होती. पण जी खातेनिहाय चौकशी पहिल्या पानावर येत नाही, चार भिंतींत सुरू होऊन एक वेतनवाढ रोखण्यावर संपते, तिचं काय? तो पोलीस दुसऱ्या दिवशी दुसऱ्या खटल्यात साक्षीला उभा राहतो आणि त्या न्यायालयापुरता तो निष्कलंक असतो.

आता सगळ्यात वजनदार आक्षेप. साक्षीदाराची विश्वासार्हता उघडी करायची म्हणजे बलात्काराच्या खटल्यात पीडितेच्या अंगावर आणखी एक अस्त्र फेकणं नव्हे का? हा आक्षेप गोव्यात तरी कुणी हलक्यात घेऊ नये. ‘तहलका’चे तत्कालीन संपादक तरुण तेजपाल यांना बलात्काराच्या खटल्यात निर्दोष सोडणारा मे 2021 चा म्हापशाचा निकाल आपल्यासमोर आहे. त्या निकालाची दोन तोंडं आहेत आणि लोक आपल्या सोयीचं एक बघतात. एका बाजूला न्यायालयाने तपासावर कठोर ताशेरे ओढले : हॉटेलच्या पहिल्या मजल्यावरचं सीसीटीव्ही चित्रण वेळेत जप्त झालं नाही आणि महत्त्वाचा पुरावा गेला. दुसऱ्या बाजूला तक्रारदार महिलेचं वागणं, तिचे खासगी संदेश, तिच्या आयुष्यातल्या असंबद्ध गोष्टी यांचा निकालात इतका खल झाला की देशभर टीका झाली, तिची ओळख उघड करणारे उल्लेख काढून टाकण्याचा आदेश उच्च न्यायालयाला द्यावा लागला आणि राज्य सरकार अपिलात गेलं.

मला या दोन बाजूंत विरोध दिसत नाही. पहिली बाजू सांगते की तपास यंत्रणेच्या ताब्यात यायला हवं होतं ते चित्रण दोन्ही पक्षांच्या हाती वेळेवर यायला हवं होतं. ते कुणाच्या बाजूने बोललं असतं हे बाजूला ठेवा. ते तक्रारदाराला दुजोरा देणारं असतं तर तिचं नुकसान झालं, आरोपीला सोडवणारं असतं तर त्याचं. दुसरी बाजू सांगते की चारित्र्य आणि विश्वासार्हता या दोन गोष्टी एकाच पिशवीत कोंबू नका. आपल्या कायद्याने हे आधीच वेगळं केलं आहे. बलात्काराच्या खटल्यात तक्रारदार स्त्री ‘सर्वसाधारणपणे अनैतिक चारित्र्याची’ होती असं दाखवून तिची साक्ष खोटी पाडण्याची मुभा देणारं पोटकलम 2002 च्या दुरुस्ती कायद्याने पुराव्याच्या कायद्यातून काढलं. 2013 च्या दुरुस्तीने तिच्या पूर्वीच्या लैंगिक अनुभवाचा पुरावा संमतीच्या प्रश्नावर गैरलागू ठरवला. मी ज्या कर्तव्याबद्दल बोलतो आहे त्यात याला जागा नाही आणि असू नये. साक्षीदाराला कुठला लाभ मिळाला, त्याने याच घटनेबद्दल आधी वेगळं काय सांगितलं, खोटी साक्ष किंवा फसवणूक याबद्दल त्याची काय नोंद आहे, पोलीस असेल तर पुराव्याशी खेळल्याबद्दल त्याच्यावर काय कारवाई झाली, एवढंच. तो कुणाबरोबर राहतो, काय पितो, समुद्रावर काय घालून फिरतो, यातलं काही नाही. सीमारेषा अवघड ठिकाणी येईल तेव्हा सरकारी वकिलाने कागद बंद पाकिटात न्यायाधीशापुढे ठेवावा आणि न्यायाधीशाने ठरवावं. साक्षीदाराचा पत्ता किंवा सुरक्षितता धोक्यात येत असेल तेव्हाही तेच.

आणि उघड करण्याचं कर्तव्य फक्त आरोपीच्या कामाचं असतं हा गैरसमज आहे. 2008 साली हणजूणच्या किनाऱ्यावर एक ब्रिटिश मुलगी मृतावस्थेत सापडली, तेव्हा पोलिसांनी ते प्रकरण बुडून मृत्यू म्हणून घेतलं होतं. आई हटून बसली, दुसरी शवचिकित्सा झाली, अंगावरच्या जखमा समोर आल्या, तपास सीबीआयकडे गेला. 2016 मध्ये दोघेही आरोपी सुटले, 2019 मध्ये उच्च न्यायालयाने त्यातल्या एकाला दोषी ठरवलं. यंत्रणेने पहिल्या दिवशी काय लिहिलं आणि नंतर काय लिहिलं, दोन्ही कागद शेजारी ठेवून बघण्याची गरज तिथे आरोपीच्या आधी त्या आईला होती.

निर्दोष सुटणाऱ्यांची संख्या वाढेल, ही भीती मी पोलिसांकडून नेहमी ऐकतो. थोडी वाढेलही. पण दडवलेली गोष्ट दडून राहत नाही, उशिरा वर येते, आणि तेव्हा ती जास्त महाग पडते. ओक्लाहोमातल्या रिचर्ड ग्लॉसिप खटल्यात 1997 च्या खुनाचा मुख्य साक्षीदार स्वतःच मारेकरी होता. आपल्यावर मनोविकारतज्ज्ञाने उपचार केले होते ही गोष्ट त्याने ज्युरीपासून लपवली, आणि सरकारी वकिलांना ते माहीत असून त्यांनी खोटं दुरुस्त केलं नाही. फेब्रुवारी 2025 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द करून नव्याने खटला चालवण्याचा आदेश दिला. अठ्ठावीस वर्षांनी. त्या माणसाला अनेकदा फाशीच्या उंबरठ्यावर नेऊन परत आणलं होतं. राज्याच्या महाधिवक्त्याने स्वतःच चूक मान्य केली होती. मेलेल्या माणसाच्या कुटुंबाला इतक्या वर्षांनी पुन्हा पहिल्या पायरीवर उभं केलं ते बचावाच्या वकिलाने नव्हे, न सांगणाऱ्या सरकारी वकिलांनी.

मग करायचं काय? नवा कायदा येईपर्यंत थांबण्याची गरज नाही. गोव्यात अभियोग संचालनालय आहे. नव्या संहितेच्या कलम 20 प्रमाणे दहा वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या खटल्यांवर लक्ष ठेवणं हे अभियोग संचालकाचं काम आहे, आणि व्यावसायिक प्रमाणाचे एनडीपीएस खटले नेमके त्यातच बसतात. संचालकाने एका परिपत्रकाने सरकारी वकिलांना सांगावं की साक्षीदारांची यादी हाती आली की तपास अधिकाऱ्याला एक पत्रक पाठवा. प्रत्येक साक्षीदारासाठी एक पान. त्यावर विचारावं : यापूर्वी कोणकोणत्या गुन्ह्यांत पंच होता, गुन्हा क्रमांकासह. त्याच्यावर गुन्हे दाखल आहेत का, त्यांची सद्यस्थिती काय. या प्रकरणात त्याला संशयित म्हणून बोलावलं होतं का, आणि मग साक्षीदार का केलं. त्याचे एकूण किती जबाब घेतले, आरोपपत्राला किती जोडले. पोलीस साक्षीदार असेल तर पुराव्याशी संबंधित खातेनिहाय कारवाई. पत्रक भरून, तपास अधिकाऱ्याच्या आणि उपअधीक्षकाच्या सहीने परत यावं आणि त्याची प्रत जशीच्या तशी बचावाला जावी.

कामाचा बोजा वाढतो ही ओरड इथे टिकणार नाही. लहानसं राज्य आहे. गुन्ह्यांच्या नोंदी सीसीटीएनएस या पोलिसांच्या संगणकीय प्रणालीवर आहेत, नाव टाकलं की समोर येतात. पंचांची नोंदवही ठेवायला एक रजिस्टर आणि एक कारकून पुरे. इंग्लंडमध्ये 1996 च्या कायद्यापासून पोलिसांतलाच एक अधिकारी न वापरलेल्या साहित्याची सूची करून सरकारी वकिलाला देतो. तिथेही चुका होतात. 2017 मध्ये लंडनच्या एका विद्यार्थ्यावरचा बलात्काराचा खटला ऐन सुनावणीत कोसळला, कारण तक्रारदाराच्या फोनमधले हजारो संदेश पोलिसांकडे पडून होते आणि ते बचावाला दिलेच नव्हते. पण तिथे नियम मोडला हे दाखवता आलं, कारण मोडायला नियम होता.

पोलिसांचं मनोधैर्य खचेल, हा शेवटचा आक्षेप. ज्या उपनिरीक्षकाची नोंद स्वच्छ आहे त्याचं का खचावं, हे मला कुणी समजावलेलं नाही. आज बचावाचा वकील प्रत्येक पोलिसाला सरसकट ‘तुम्ही खोटं सांगता’ असं सुचवतो, आणि तो पोलीस ‘इट इज नॉट ट्रू टू सजेस्ट’ या ठरलेल्या वाक्याने ते नाकारतो. पत्रक आलं तर निदान ज्यांच्यावर काही नाही त्यांच्या बाजूने एक कागद बोलेल. पहिले काही महिने बहुतेक रकान्यांत ‘निरंक’ भरून येईल, हे गृहीत धरूनच सुरुवात करावी लागेल. फरक एवढाच पडेल की त्या ‘निरंक’खाली कुणाची सही आहे ते न्यायालयाच्या नोंदीत असेल, आणि तो पंच पाचव्या खटल्यात पुन्हा ‘याद ना’ म्हणाला तर सही करणाऱ्याला साक्षीला बोलावता येईल.